हॅरो, लँगली की रेडिंग? पगार ४५ हजार पौंड, माणसं तीन

कराडचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनी लंडनला पाठवते आहे. स्किल्ड वर्कर व्हिसा, वर्षाला ४५,००० पौंड. ऑफिस फॅरिंग्डनला, आठवड्यातून दोनच दिवस जायचं. बरोबर बायको (सध्या पुण्यात शाळेत शिकवते, तिथे लगेच नोकरी मिळेल असं धरलेलं नाही) आणि मुलगी, मे महिन्यात चार पूर्ण झाली. कंपनी विमानाची तिकिटं आणि दोन आठवड्यांचं हॉटेल देते, पुढे आपलं आपण. बाजूला काढलेले साडेसात लाख आहेत, म्हणजे सहा हजार पौंडांच्या आसपास. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता तिकडून भरायचाच आहे.

ऑफिसमधले म्हणतात हॅरो घे. वर्गमित्र म्हणतो रेडिंगला ये, मी आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे म्हणतात स्लाऊ-लँगली आणि निम्मे म्हणतात स्लाऊचं नावसुद्धा काढू नको. आणखी एकाने ट्रेन नसलेल्या एका खेड्यात ९०० पौंडात दोन बेडरूमचं घर दाखवलंय आणि मी खरं तर त्यालाच भुललोय. एक्सेल केलंय: गाव, भाडं, ऑफिसला लागणारा वेळ, शेरा. भाड्याच्या रकान्यावर सॉर्ट केलं की ते खेडं दरवेळी पहिलं येतं.

पुण्यात पिंपळे सौदागर की वाकड हे ठरवायला आम्हाला आठ महिने लागले होते. इथे दोन आठवडे आहेत. अनुभवी लोकांनी सांगा.


बॅकबेंचर

हॅरो. विषय संपला. :)

जरा सविस्तर सांगतो. हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइन थेट फॅरिंग्डनला जाते, कुठे बदलायला लागत नाही, अर्ध्या तासाच्या आसपास. फक्त बेकर स्ट्रीटलाच संपणारी गाडी पकडू नका. खाली वेम्बलीला इलिंग रोड आहे, तिथे भेंडीपासून पूजेच्या सुपारीपर्यंत सगळं मिळतं. महाराष्ट्र मंडळ लंडन, १९३२ पासूनचं, डॉलिस हिलला आहे. वेम्बली पार्कला ज्युबिली लाइन धरली की दुसरं स्टेशन. बायकोचा एकटेपणा निम्मा तिथेच जाईल.

तोटा एकच, भाडं. मी एका बेडरूमच्या फ्लॅटला १,५०० देतो, नि तो काही राजवाडा नाही. एजंटांचं एक गणित आधीच माहीत असू द्या: वार्षिक पगार भागिले तीस, तेवढंच महिन्याचं भाडं ते तुम्हाला परवडतं असं धरतात. ४५ हजार भागिले तीस, १,५००. त्याच्या वरचं घर आवडलं तरी कागदावरच अडकतं. म्हणून माझं मत, पहिलं वर्ष एका बेडरूममध्ये काढा. चार वर्षांच्या पोरीला कुठे वेगळी खोली लागते? आपण सगळे आठ-आठ जण दोन खोल्यांत वाढलो.


घारगे

पाव्हणं, एक्सेल झकास आहे, पण एक रकाना राहिलाय. तुम्ही ऑफिसला जाणार दोन दिवस, तेही गाडीत बसून. बाकी सगळा वेळ त्या गावात पायी हिंडणार कोण? वहिनी आणि पोरगी. म्हणजे गाव त्यांच्या पायांनी मोजायला हवं, आणि तुम्ही ते फॅरिंग्डनपासून मोजताय.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. आम्ही नेमकं तुमचं ९०० वालं खेडंच घेतलं होतं.

ऑक्टोबर २०२१. नवरा, मी आणि आठ महिन्यांचं बाळ. गावाचं नाव घेत नाही, गाव बिचारं सुंदर होतं, चूक आमची. जवळचं स्टेशन तीन किलोमीटर. मधल्या रस्त्याला निम्म्या भागात फूटपाथच नाही, दोन्ही बाजूंना कुंपणाची उंच झुडपं आणि मधून गाड्या. बस तासाला एक, संध्याकाळची शेवटची पावणेसातला, रविवारी नाहीच. भाड्याच्या जाहिरातीत यातलं काही नव्हतं. तिथे लिहिलं होतं "शांत परिसर", आणि ते अगदी खरं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी बाळाचं इंजेक्शन होतं. मी बाबागाडी घेऊन गेले, काम तीनला संपलं, तीन चाळीसची बस आलीच नाही. तिथे तेव्हा चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, हे पुस्तकात वाचलं होतं, पण अंगावर आलं ते त्या थांब्यावर. थांबा म्हणजे एक खांब, ना शेड ना दिवा. बाबागाडीवर पावसाचं प्लास्टिक, त्याच्या आत बाळाच्या श्वासाची वाफ धरलेली, मी दर दोन मिनिटांनी बोटाने पुसून आत बघतेय. फोन अकरा टक्के. एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन चालली होती, ती थांबली. बोलायला आमच्याकडे काहीच नव्हतं. ती नुसती उभी राहिली, टॉर्च लावून, पुढची बस येईपर्यंत. कुत्र्याने माझा बूट चाटून स्वच्छ केला. घरी आल्यावर मी नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याची काय चूक होती, तर त्याने भाड्याच्या रकान्यावर सॉर्ट केलं होतं.

त्यानंतर टॅक्सी सुरू झाल्या. डिसेंबरचं टॅक्सीचं बिल १३० पौंड. मग वाटलं गाडीच घेऊ. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, पण नवख्या माणसाच्या विम्याचे आकडे बघितले आणि लॅपटॉप मिटला. लँगलीपेक्षा भाड्यात वाचत होते २५० पौंड, ते असे उडाले.

आणि बुरशी. मी चिपळूणची, बुरशी मला नवी नाही. पावसाळ्यात चपलांवर, पट्ट्यावर, देवाच्या पोथीवर हिरवं येतं, ऊन पडलं की निघून जातं. इथे ऊन पडतच नाही. जानेवारीत कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे छतापर्यंत काळं. माझी लग्नातली पैठणी ज्या पिशवीत होती तिला कुबट वास, तो अजून गेलेला नाही. मालकाचं म्हणणं, तुम्ही घरात फार स्वयंपाक करता. म्हणून घर बघायला जाल तेव्हा कपाटामागे आणि बाथरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यात मोबाइलचा टॉर्च मारा. नुकताच पांढरा रंग दिलेला एकच कोपरा दिसला तर जास्त संशय घ्या. घराचं ऊर्जा प्रमाणपत्र (ईपीसी) मागा. 'ए' ते 'जी' अशा पायऱ्या असतात आणि 'ई'च्या खालचं घर सहसा भाड्याने देताच येत नाही. 'सी' मिळालं तर हिवाळ्याचं गॅसचं बिल बघून रडू येणार नाही.

करारात सहा महिन्यांनी बाहेर पडायची सोय होती म्हणून वाचलो. एप्रिल २०२२ मध्ये लँगलीला आलो. महिन्याभरात, २४ मे ला, एलिझाबेथ लाइन सुरू झाली. सुरुवातीला पॅडिंग्टनला उतरून, चालत खाली जाऊन दुसरी गाडी धरायला लागायची, नोव्हेंबरपासून सरळ झालं. आता लँगलीला बसायचं ते फॅरिंग्डनला उतरायचं, पाऊण तास धरा. एक लक्षात ठेवा, ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासाचं पैसे भरून ठेवायचं कार्ड) लँगलीच्या अलीकडे वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. लँगलीला उतरायचं तर बँकेचं कार्ड टॅप करायचं. आमच्या पाहुण्यांपैकी दर दुसरा ऑयस्टर घेऊन येतो आणि गेटवर अडकतो.

आता स्लाऊबद्दल. लोक नाकं मुरडतात. बाजारपेठ देखणी नाही, हे खरं. काउन्सिलने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) २०२१ मध्ये तिजोरी रिकामी असल्याची नोटीस काढली आणि २०२३ मध्ये काउन्सिल टॅक्स एका झटक्यात जवळपास दहा टक्के वाढवला, हेही खरं, आम्ही भरतोय. पण मला ते मानवलंय. बस आहेत, सगळ्या जगाची दुकानं आहेत, ज्वारीचं पीठ चालत जाऊन आणता येतं, आणि साडी नेसून रस्त्यावर निघालं तर कोणी वळून बघत नाही. शिवाय हे आपल्या हर्षलचं गाव. आपल्या पत्रिकेत जो हर्षल ग्रह असतो ना, तो शोधणारा विल्यम हर्शेल स्लाऊला राहायचा, इथेच त्याने चाळीस फुटी दुर्बीण उभारली आणि इथेच १८२२ मध्ये वारला. जग त्या ग्रहाला युरेनस म्हणतं, आपण अजून माणसाच्या नावाने हाक मारतो. माझ्या आईला हे सांगितल्यापासून तिचा स्लाऊवरचा राग गेला. (अवांतर झालं, माफ करा.)

लँगली हा याच काउन्सिलमधला शांत तुकडा. स्टेशनजवळून कालवा जातो, त्याच्या काठाने बाबागाडी नेता येते. ग्रामर स्कूलमुळे (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी शाळा) भाडी वर चढतात, पण तुमची पोरगी चार वर्षांची आहे, अकराव्या वर्षीच्या परीक्षेसाठी आज जास्तीचं भाडं भरू नका.

आकडे सांगते. ४५ हजारांवर कर आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन महिना २,९९० च्या आसपास, पेन्शन कापली की २,८५० धरा. आमचं दोन बेडरूमचं भाडं १,४५०. काउन्सिल टॅक्स १६५ च्या आसपास (वर्षाचा दहा हप्त्यांत घेतात, फेब्रुवारी-मार्च सुटका). गॅस-वीज सरासरी १५०, पाणी ४०, इंटरनेट-मोबाइल ५०, किराणा-भाजी ३५०, तुमचे दोन दिवसांचे प्रवास पावणेदोनशे-एकशेऐंशी. उरतात साडेचारशे. त्यातून वाकडचा हप्ता, बूट, जॅकेट, आजारपण. तंग आहे, पण बसतं.

हातातल्या सहा हजारांचं मात्र आधीच वाटप करा. डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, १,४५० ला ते १,६७३ होतं. पहिला महिना धरून सव्वातीन हजारांच्या आत. "अनफर्निश्ड" म्हणजे खरोखर रिकामं. आमच्या पहिल्या घरात पडद्याच्या दांड्यासुद्धा नव्हत्या, आम्ही दोन रात्री खिडकीला चादर लावून झोपलो. पलंग-सोफा ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या जुन्या फर्निचरच्या दुकानातून घ्या, चांगला माल असतो.

आणि घर बघितल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. कोणी म्हणेल मालक परदेशात आहे, आधी पैसे टाका, चावी कुरियरने येईल. येत नाही.


जुना_पाहुणा

घारगेताईंच्या प्रतिसादाला +१. बस थांब्याचं वाचून आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. मी २००४ पासून रेडिंगात.

इथे त्या काळी जे चालायचं ते आता चालत नाही, म्हणून थोडं कायद्याचं. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये भाड्याचे नियम बदलले. ठरावीक मुदतीचा करार गेला, भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन कधीही निघू शकतो. जाहिरातीतल्या भाड्यावर बोली लावून घेता येत नाही. आणि करार करताना एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. पूर्वी आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांकडे, इथली पत नाही म्हणून, सहा-सहा महिन्यांचं भाडं आधी मागायचे. आता ती पळवाटही बंद झाल्यामुळे एजंट इथला जामीनदार मागण्याची शक्यता जास्त. तेव्हा तुमच्या वर्गमित्राला नुसतं "मी आहे" म्हणू नको असं सांगा, जामीन राहतोस का ते विचारा. मैत्री तिथे कळते.

कंपनीकडून पगार, पद आणि नोकरी कायम असल्याचं पत्र आत्ताच घेऊन ठेवा. घर देण्याआधी व्हिसा तपासणं मालकाला बंधनकारक आहे. तुमचा ई-व्हिसा असेल, त्याचा शेअर कोड काढायला शिकून या.

रेडिंगबद्दल: गाव म्हणून मला ते स्लाऊपेक्षा सरस वाटतं (ताई, रागावू नका). पॅडिंग्टनची जलद गाडी पंचवीस मिनिटांच्या आसपास, आयटीच्या कंपन्या इथेच असल्यामुळे पुढची नोकरी बदलली तरी घर बदलावं लागत नाही. पण जलद गाडीला जलद पैसे पडतात. एलिझाबेथ लाइन इथूनही आहे, फॅरिंग्डनला तासभर. हप्ता चालू असताना पहिल्या वर्षी मी रेडिंग म्हणणार नाही. आणि रेडिंगमध्येही लोअर अर्लीसारख्या भागात घर घेतलंत की स्टेशनला बस धरावी लागते, मग परत तेच खांब.


बॅकबेंचर

@घारगे, थांब्याचा किस्सा वाचून गप्प बसलो. तरीही हॅरो. तिथे बस दहा मिनिटांनी असते. :)

हाउन्स्लोचं कोणी विचारायच्या आधी सांगतो: पिकॅडिली लाइन आहे, भाडं थोडं कमी आहे, डोक्यावर हीथ्रो आहे. पश्चिमेचा वारा असला की विमानं दुपारी तीनला धावपट्टी बदलतात, म्हणजे सकाळी घर बघाल तर एकदम शांत, आणि राहायला गेल्यावर तीन वाजता कपबशा वाजायला लागतात. तिथलं घर दोन्ही वेळा बघा.


कराडचा_पाव्हणा

सगळ्यांचे मनापासून आभार. घारगेताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने एक्सेल स्वतःकडे घेतलंय. ९०० चं खेडं उडवलं, नवा रकाना घातला: "पायी किती मिनिटं", आणि त्यात ऑफिस नाहीच. शाळा, दवाखाना, बाग, दूध, स्टेशन असे पाच पोटरकाने. आता लँगली आणि हॅरो दोनच उरलेत.

दोन प्रश्न. मुलीच्या शाळेचं काय? रिसेप्शनच्या (पहिलीच्या आधीच्या वर्गाच्या) अर्जाची तारीख १५ जानेवारी होती म्हणे, तेव्हा तर बदलीचा पत्ताच नव्हता. आणि बघायला गेल्यावर एजंट दहा मिनिटं देतो असं ऐकलंय, दहा मिनिटांत बघायचं तरी काय काय?


घारगे

वहिनींना नमस्कार सांगा, एक्सेल आता योग्य हातात आहे.

शाळा: ती तारीख गेली म्हणून घाबरू नका. घर मिळालं, करारावर पत्ता आला की त्याच दिवशी काउन्सिलकडे अर्ज करा. जवळच्या नावाजलेल्या शाळेत जागा नसेल, तर जिथे रिकामी असेल ती देतील, आणि आवडीच्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत नाव ठेवता येतं. माझ्या मुलाला आधी लांबची मिळाली होती, दिवाळीपर्यंत जवळची आली. पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच्या सत्रापर्यंत शाळा सक्तीची नाही, पण उगाच थांबवू नका. सरकारी शाळेला फी नाही, आणि रिसेप्शन, पहिली, दुसरीला दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट. वहिनींनाही दिवसाचे सहा तास मोकळे मिळतील. त्यांच्या व्हिसावर त्यांना नोकरी करता येते, आणि शाळांना दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला माणसं लागतात. मी तिथूनच सुरुवात केली.

घरासाठी एजंट आत नेईल ती दहा मिनिटं कमी महत्त्वाची. तुम्ही दोघं पोरीला घेऊन तासभर आधी जा. स्टेशनवर उतरा, घड्याळ लावा आणि पोरीच्या चालीने घरापर्यंत जा, तुमच्या नाही. ती कुठे "उचल" म्हणते ते बघा. आत गेल्यावर गरम पाण्याचा नळ सोडा आणि किती वेळाने गरम येतं ते मोजा. मीटर प्रीपेड आहे का विचारा. असेल तर टॉप-अपचं दुकान कुठे ते विचारा. मग टॉर्च आणि कपाटामागे. शेवटी स्वयंपाकघर.

स्वयंपाकघर बैठकीला लागून उघडं असेल तर धुराचा अलार्म कुठे बसवलाय ते बघाच. आमच्याकडे तो गॅसच्या बरोबर समोर आहे. मोहरी तडतडली की तो ओरडतो, आणि मुलगा पळत येऊन टॉवेल हलवतो. त्याला वाटतं फोडणीची हीच पद्धत आहे.

बाकी बोलायचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. आणि कुकरच्या रिंगा दोन जास्त आणा.